नखाआधी पाय तपासा

पायाच्या अंगठ्याचे नख आधी पिवळट पडते, मग जाड होते, टोकाखाली पांढरट भुगा साठत जातो आणि एक दिवस ते नेलकटरच्या तोंडात मावेनासे होते. बुरशीने धरलेले असे नख बहुतेक घरांत कुणाच्या ना कुणाच्या पायाला असते. ते दुखत नाही, म्हणून वर्षानुवर्षे तसेच राहते. त्यासाठी मुद्दाम दवाखान्याची पायरी चढणारे बहुधा तरुण असतात. त्यांचे पाय धडधाकट असतात आणि उघड्या सँडलमध्ये नख वाईट दिसते एवढीच त्यांची तक्रार असते. त्यांना गोळ्या मिळतात, नखावर लावायचे महागडे लॅकर मिळते, खिसा परवानगी देत असेल तर लेझरही मिळतो. उलट पंधरा वर्षे मधुमेह असलेल्या, चालताना चप्पल पायातून निसटली तरी पत्ता न लागणाऱ्या माणसाचे तसलेच नख कोणी पाहत नाही. त्याने दाखवलेच तर ‘वयोमानाने होते, राहू द्या’ असे उत्तर मिळते. हा क्रम उलटा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. नखाच्या बुरशीवर उपचार करायचे का, आणि कुठवर करायचे, हे त्या नखाखालच्या पायाची अवस्था पाहून ठरले पाहिजे. पोटात घ्यायची गोळी तर तपासणीशिवाय कोणालाच देऊ नये.

या आजाराचा स्वभाव समजला की हे म्हणणे पटायला सोपे जाते. नखाला बुरशी धरते ती बहुतेक वेळा ट्रायकोफायटॉन रुब्रम नावाची. केस, नखे आणि त्वचेचा वरचा थर ज्या केरॅटिनचा बनतो, तेच तिचे अन्न. पुष्कळदा तिची सुरुवात नखात होतच नाही. आधी बोटांच्या बेचक्यात ओल राहून कातडी पांढरी पडते, सोलवटते, खाज सुटते. पावसाळ्यात चिखल्या म्हणतात त्यांतल्या अनेकांत हीच बुरशी असते. तिथून ती नखाच्या पुढच्या कडेखाली शिरते आणि हळूहळू मुळाकडे सरकते. नखात रक्तवाहिन्या नसतात आणि ते टणक असते, त्यामुळे वरून लावलेले साधे मलम खालपर्यंत पोहोचतच नाही. शिवाय पायाचे नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढते. अंगठ्याचे नख मुळापासून टोकापर्यंत नवे यायला वर्ष ते दीड वर्ष लागते. टर्बिनाफिनची २५० मिलिग्रॅमची गोळी रोज, बारा आठवडे, हा आज सर्वांत परिणामकारक मानला जाणारा उपचार. पण बारा आठवडे संपतात तेव्हाही नखाचा बराचसा भाग जुना, खराबच दिसत असतो, कारण निरोगी नख मुळाशी नुकते कुठे उगवू लागलेले असते. ही गोष्ट रुग्णाला आधी कोणी सांगत नाही. तिसऱ्या महिन्यात तो ‘गुण आला नाही’ म्हणून डॉक्टर बदलतो आणि दुसऱ्या गोळ्या सुरू होतात. चाचण्यांमध्ये टर्बिनाफिनने सुमारे ७० टक्के रुग्णांच्या नखातली बुरशी गेली, पण बुरशीही गेली आणि नखही पूर्ववत झाले असे लोक ३८ टक्क्यांच्या आसपासच निघाले. नुसत्या लॅकरचे यश याहून पुष्कळच कमी. बऱ्या झालेल्यांतही अनेकांना ती पुन्हा होते, कारण बेचके आणि बूट तेच असतात. इतक्या लांबच्या आणि अर्धवट यशाच्या उपचाराला सुरुवात करण्याआधी तो कशासाठी करायचा हे नक्की असायला हवे.

त्याहूनही आधीचा प्रश्न म्हणजे नखाला झालेली ती बुरशीच आहे का. बिघडलेल्या नखांपैकी निम्म्यांच्या आसपासच नखांत बुरशी सापडते. उरलेल्यांत सोरायसिस असतो, लायकेन प्लॅनस असतो, घट्ट बुटांचा रोजचा मार असतो, पायाकडचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो, किंवा केवळ उतारवय असते. अनुभवी डोळ्यांनाही नुसते पाहून यातला फरक दर वेळी कळत नाही. नखातला उभा काळा पट्टा तर फारच जपून पाहावा लागतो. तो मेलॅनोमा या कर्करोगाचाही असू शकतो, आणि सावळ्या-काळ्या वर्णाच्या माणसांत हा कर्करोग जेव्हा होतो तेव्हा तो तळपाय, तळहात आणि नखांखालीच जास्त आढळतो. गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या बोटाच्या नखाखाली १९७७ मध्ये तो सापडला आणि १९८१ मध्ये त्यानेच त्यांचा मृत्यू झाला. अशा नखावर कोणी सहा-सहा महिने बुरशीचे लॅकर लावत बसले, तर गेलेला वेळ परत मिळत नाही. तपासणी मात्र साधी आहे. नखाची कापलेली कड आणि खालचा भुगा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. शंका उरली तर कल्चर करायचे किंवा नखाचा तुकडा पॅथॉलॉजीकडे पाठवायचा. कल्चरला तीन-चार आठवडे लागतात, पण जे नख नवे यायला वर्ष लागणार आहे त्याच्यासाठी हा काळ काही मोठा नाही.

यावर एक भक्कम आक्षेप आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हिशेब मांडला की टर्बिनाफिन इतके स्वस्त आणि बहुतेकांना इतके निर्धोक आहे, की प्रत्येकाची तपासणी करण्यापेक्षा संशय येताच गोळी सुरू करणे एकूण खर्चाला परवडते. हिशेब म्हणून तो चुकीचा नाही. पण तो तिथल्या प्रयोगशाळांच्या दरांवर आणि तिथल्या बुरशीवर बेतलेला आहे. आपल्याकडे पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या तपासणीला लागते ते एक स्वस्त रसायन, एक काचपट्टी आणि पाहणारा माणूस. थुंकीतले क्षयजंतू पाहण्यासाठी सरकारी दवाखान्यांत सूक्ष्मदर्शक आणि तंत्रज्ञ अनेक ठिकाणी आधीच आहेत. ही तपासणी कधी कधी खोटी नकारात्मक येते हे खरे, पण ती पुन्हा करता येते. दुसरे असे, की गेल्या दहा-पंधरा वर्षांत भारतातली बुरशी बदलली आहे. गजकर्णाची हट्टी, घरभर पसरणारी साथ आपण पाहतोच आहोत. तिच्यामागच्या एका बुरशीला २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए असे नाव दिले गेले, आणि तिच्या अनेक प्रकारांवर टर्बिनाफिन चालत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दोन रुग्णांत ती सापडल्याची नोंद झाली, त्यांपैकी एकाने तर परदेश प्रवासच केलेला नव्हता. ही बुरशी प्रामुख्याने अंगावर आणि जांघेत होते, नखात कमी, हे खरे. पण एकाच घरात एकाच औषधाच्या गोळ्या अंदाजाने, अर्धवट मुदतीने घेतल्या जात असतील, तर औषधाला दाद न देणाऱ्या बुरशीसाठी आपणच जागा मोकळी करत असतो. स्टेरॉइड, जंतुनाशक आणि बुरशीनाशक एकत्र कालवलेल्या मलमांनी हेच केले. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आत पसरत राहते. स्टेरॉइडची अनेक मलमे २०१८ मध्ये चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी असलेल्या यादीत घातली गेली, तरी ‘गजकर्णाचे काही द्या’ म्हटल्यावर काउंटरवर काय पुढे येते हे सर्वांना ठाऊक आहे.

गोळ्यांचे धोके टक्केवारीत लहान आहेत, पण ते कोणाच्या वाट्याला येतात हे पाहिले पाहिजे. टर्बिनाफिन क्वचित यकृताला इजा करते, म्हणून सुरू करण्याआधी यकृताची रक्ततपासणी करतात. मूत्रपिंडे कमजोर असतील तर ते टाळतात. इट्राकोनॅझोल हृदय कमजोर असलेल्यांना नखासाठी देऊ नये, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००१ मध्येच दिला. केटोकोनॅझोलची गोळी नखाच्या बुरशीसाठी वापरूच नये असे त्याच यंत्रणेने २०१३ मध्ये सांगितले, तरी ती लिहिली जातच राहिली. २०१६ मध्ये, यकृत निकामी होऊन एका रुग्णाचा मृत्यू झाल्यावर, तोच इशारा पुन्हा द्यावा लागला. आपल्याकडच्या साठीच्या माणसाची गोळ्यांची डबी उघडून पाहा. त्यात कोलेस्टेरॉलची अटॉर्व्हास्टॅटिन, रक्तदाबाची अम्लोडिपिन, साखरेची ग्लिमेपिराइड आणि सकाळी उपाशीपोटी घ्यायची पित्ताची गोळी असते. इट्राकोनॅझोल पहिल्या दोन औषधांचे रक्तातले प्रमाण वाढवते, आणि पित्ताची गोळी चालू असेल तर ते स्वतःच नीट शोषले जात नाही. फ्लुकोनॅझोल ग्लिमेपिराइडचा परिणाम वाढवून साखर एकाएकी खाली आणू शकते. क्षयाच्या उपचारातले रिफॅम्पिसिन टर्बिनाफिन आणि इट्राकोनॅझोल या दोन्हींचा असर कमी करते. औषधाच्या दुकानातून आठवड्याला एक या हिशेबाने फ्लुकोनॅझोल आणणाऱ्याला यातले काहीच कोणी विचारत नाही.

आता ज्या पायांची मला खरी काळजी वाटते त्यांच्याकडे वळतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीने २०२३ मध्ये भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज मांडला. मधुमेह जुना झाला की पायाच्या नसा बधिर होतात, रक्तपुरवठा घटतो आणि जखम भरायला वेळ लागतो. अशा पायावर जाड झालेले नख बुटाच्या दाबाने खालच्या मऊ मांसात रुतत राहते. निरोगी माणूस दुसऱ्याच दिवशी बूट बदलेल, कारण त्याला दुखेल. बधिर पायाच्या माणसाला काही जाणवत नाही. नखाखाली जखम होते, ती नखाने झाकलेली असते, आणि मोज्यावर डाग दिसेपर्यंत आत जंतूंनी घर केलेले असते. जखम हाडापर्यंत गेली की बोट काढण्याची वेळ येते. बेचक्यातल्या बुरशीचे कामही तितकेच घातक. तिथल्या भेगेतून जंतू आत शिरतात आणि पाय गुडघ्यापर्यंत लाल, गरम, टणक होतो. डॉक्टर त्याला सेल्युलायटिस म्हणतात. फ्रान्समधल्या सात रुग्णालयांत अशा १६७ रुग्णांची इतर २९४ जणांशी तुलना करणारा अभ्यास १९९९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. बोटांच्या बेचक्यात सोलवटलेली, ओलसर कातडी असलेल्यांत या आजाराची शक्यता जवळजवळ चौदा पट निघाली. ज्यांच्या पायाला आधीपासून लसिकेची सूज होती, त्यांच्यात ती सत्तर पटींच्या घरात गेली. हा दुसरा आकडा गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या हत्तीरोगाच्या जिल्ह्यांसाठी महत्त्वाचा आहे. हत्तीपाय झालेल्या माणसाला थंडी वाजून ताप येतो, पाय ठणकतो, आणि प्रत्येक अशा झटक्यानंतर सूज आणखी वाढून बसते. त्या झटक्यांचे दार बहुधा बोटांच्या बेचक्यातच असते. रोज पाय धुणे, बेचके कोरडे करणे आणि बुरशीचे मलम लावणे याने हे झटके कमी होतात, हे हत्तीरोगाच्या कार्यक्रमातले लोक वर्षानुवर्षे सांगत आले आहेत.

कोणी म्हणेल, नखाची बुरशी आणि मधुमेही पायाची जखम या दोन्ही गोष्टी एकत्र आढळतात हे ठीक, पण बुरशी घालवल्याने पाय वाचतो याचा पुरावा कुठे आहे? आक्षेप रास्त आहे. हातातला पुरावा मुख्यतः दोहोंचा संबंध दाखवणारा आहे, आणि बिघडलेल्या पायात बुरशीही जास्त होते व जखमाही जास्त होतात असे असू शकते. त्याला जोडून दुसराही आक्षेप येतो, की ज्या म्हाताऱ्या मधुमेहींसाठी मी इतके बोलतो आहे, त्यांनाच या गोळ्या सर्वांत कमी मानवतात. दोन्हींचे उत्तर एकच आहे, आणि ते माझ्या म्हणण्याच्या गाभ्याशी जाते. अशा पायात उपचाराचे यश गुलाबी नखात मोजायचे नसते. नख बारीक राहिले, बुटाचा दाब कमी झाला, बेचक्यातली कातडी अखंड राहिली, की काम झाले. त्यासाठी गोळी लागेलच असे नाही. जाड नख दर महिन्या-दीड महिन्याला जाणत्या हाताने घासून पातळ करणे, सरळ रेषेत कापणे, बेचक्यात दोन ते चार आठवडे बुरशीचे मलम लावणे, बूट सैल आणि कोरडे ठेवणे, एवढ्यावर पुष्कळ साधते. आणि इतर औषधांशी जुळत असेल, यकृत-मूत्रपिंडे ठीक असतील, तपासणीत बुरशी नक्की झाली असेल, तर टर्बिनाफिनची गोळी मधुमेह्याला नाकारण्याचेही कारण नाही.

बधिर पाय कसा सांभाळायचा हे महाराष्ट्राला नव्याने शिकायचे नाही. दत्तपूर, अमरावतीचे तपोवन, आनंदवन इथे कुष्ठरुग्णांच्या पायांवर पिढ्यान्‌पिढ्या हेच काम झाले. बोटे झडतात ती रोगाने सडून नव्हे, बधिरपणामुळे रोज होणाऱ्या न जाणवणाऱ्या इजांनी, हे सूत्र वेल्लोरला १९४६ पासून काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी ठामपणे मांडले. पुढे अमेरिकेत गेल्यावर त्यांनी तेच ज्ञान मधुमेहींच्या पायांना लावले. कुष्ठरोग कार्यक्रमातला कार्यकर्ता पाय हातात घेऊन पाहतो, घट्टे घासतो, मऊ रबराची एमसीआर चप्पल मिळवून देतो, रोज रात्री तळवे आरशात पाहायला शिकवतो. यातली एकच गोष्ट मधुमेहात जशीच्या तशी घेता येत नाही, ती म्हणजे पाय बराच वेळ पाण्यात भिजवणे. कुष्ठरोगात कातडी फार कोरडी पडते म्हणून ते चालते. मधुमेह्याने पाय नुसते धुऊन लगेच टिपावेत, तेल लावायचेच तर तळव्याला आणि टाचेला, बेचक्यात नाही. गरम पाण्याचा शेक तर बिलकुल घेऊ नये, कारण बधिर पाय पोळला तरी कळत नाही. ब्लेडने नख कोरणे, व्हिनेगरमध्ये पाय बुडवणे, लिंबू चोळणे हेही त्याच कारणासाठी टाळावे. हळद-मेंदीच्या लेपाने धडधाकट पायाचे फारसे बिघडत नाही, पण त्याखाली जखम झाकली जाते.

‘ओपीडीत शंभर माणसे रांगेत असताना प्रत्येकाचे मोजे काढायला वेळ कुठून आणायचा?’ असे डॉक्टर विचारतील. त्यांची अडचण खोटी नाही. पण पाय पाहायला डॉक्टरच लागतो असेही नाही. परिचारिका किंवा प्रशिक्षण दिलेल्या आशाताई रुग्ण रांगेत असतानाच बेचके, नखे, तळवे पाहू शकतात, नायलॉनच्या धाग्याने बधिरपणा तपासू शकतात. संशयास्पद पाय तेवढे आत पाठवायचे. तीस वर्षांवरील प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब तपासण्याचा कार्यक्रम आरोग्य केंद्रांत चालू आहेच. त्याच कार्डावर पायाचा एक रकाना हवा. आणि जो तरुण केवळ दिसण्यासाठी आला आहे, त्याला ‘काहीच केले नाही तरी चालेल’ हा पर्यायही मोकळेपणाने सांगायला हवा. नखातली बुरशी घरच्यांना लागू शकते हे खरे, पण बेचक्यांतले संक्रमण बरे केले, टॉवेल आणि नेलकटर वेगळे ठेवले, बुटांचे दोन जोड आलटून-पालटून वाळवले की तो धोका बराच उतरतो.

पाय कोरडे ठेवा हा सल्ला सगळ्यांना सारखा लागू पडत नाही, हेही लक्षात ठेवायला हवे. कोकणात आणि पूर्व विदर्भात भाताची लावणी करणाऱ्या बाईचे पाय दिवसभर चिखलात असतात. गमबूट घातले तर त्यात पाणी शिरून पाय आणखी उबतात. गटारे साफ करणाऱ्या कामगाराचीही तीच गत. त्यांना जमेल ते इतकेच, की घरी आल्यावर पाय स्वच्छ पाण्याने धुवावेत, प्रत्येक बेचके फडक्याने टिपावे आणि सोलवटले दिसताच बुरशीचे मलम लावावे. ते मलम चिखल्यांनी पाय फाटल्यावर तालुक्याच्या दुकानातून शोधून आणायचे म्हटले, तर एका दिवसाची मजुरी जाते आणि हाती बहुधा स्टेरॉइड घातलेले मिश्रणच पडते. म्हणून निव्वळ बुरशीनाशक मलम मृग लागण्याआधी उपकेंद्रात पोहोचलेले असावे, आणि आशाताईंच्या पिशवीत लावणीच्या महिन्यात ओआरएसच्या पाकिटांशेजारी त्याच्या ट्यूबा असाव्यात.